बालमेंदूविकार शिकायचे कसे: नाशिकच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी

बालरोग विभागाची पोस्टिंग लागली की बहुतेक विद्यार्थी आधी गुडघ्यावर ठोकून बघायची हातोडी विकत घेतात. घ्या, हरकत नाही. पण मुलांच्या मेंदूविकारात हातोडीची पाळी शेवटी येते. निदानाचा मोठा भाग आईच्या बोलण्यात असतो आणि उरलेल्यातला बराचसा मूल जमिनीवर खेळताना दिसतो. आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय असो, घोटीजवळच्या धामणगावचं एसएमबीटी असो किंवा त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय असो, पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरी, निफाड, मालेगावकडची मुलं सगळीकडे येतात. त्यामुळे इथली बोली, इथले सण आणि इथलं हंगामी स्थलांतर हेही अभ्यासात धरा. पुढचा क्रम वॉर्डात उपयोगी पडावा म्हणून लावलेला आहे, पाठ्यपुस्तकातल्या प्रकरणांशी तो जुळेलच असं नाही.

आधी चार प्रश्न

केस कुठलीही असो, वहीत चार प्रश्न लिहा. बिघाड कुठे आहे? कधीपासून आणि कोणत्या दिशेने चाललाय? कारण काय असेल? आणि यातलं आत्ता, याच आठवड्यात, बरं करता येण्यासारखं काय आहे?

विद्यार्थी तिसऱ्या प्रश्नावर उडी मारतात, कारण परीक्षेत तिथे गुण मिळतात असं वाटतं. प्रत्यक्षात दुसरा प्रश्न सगळ्यात जास्त काम करतो. मूल उशिरा का होईना पण पुढे सरकतंय, तर इजा एकदाच होऊन थांबलेली असण्याची शक्यता जास्त. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालीत आलेला कायमचा दोष, या गटात मोडते. मूल बसत होतं आणि आता बसत नाही, बोलत होतं आणि आता गप्प झालं, तर आजार पुढे सरकतोय असंच समजून शोध घ्यायचा. काही तासांत किंवा दिवसांत सगळं झालं असेल तर जंतुसंसर्ग, रक्तस्राव, रक्तवाहिनी बंद होणं, विषबाधा किंवा गिलियन बारे (नसांना इजा होऊन बहुधा पायांपासून वर चढणारा लुळेपणा) यांचा विचार करा.

इथे दोन फसव्या जागा आहेत. सेरेब्रल पाल्सीतलं मूल मोठं होतं तसे स्नायू आखडतात आणि आधी चार पावलं टाकणारं मूल ती टाकेनासं होतं. मेंदूतली इजा वाढलेली नसते, सांधे जखडलेले असतात. उलट बाजूने पाहिलं तर आटोक्यात नसलेल्या फिट्स, बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉइडची कमतरता यांनी मूल मागे पडतं आणि हे सगळं उपचाराला दाद देणारं असतं. ‘रिग्रेशन’ (मिळवलेलं गमावणं) हा शब्द वहीत लिहिण्याआधी या गोष्टी तपासल्या का, ते स्वतःला विचारा.

हिस्टरी: तारखा विचारू नका, सण विचारा

‘मुलाने मान कितव्या महिन्यात धरली?’ या प्रश्नाला मिळणारं उत्तर बहुतेक वेळा अंदाजाचं असतं, त्यातही चौथं मूल असेल तर विचारायलाच नको. त्याऐवजी जन्माची तारीख माता-बाल संरक्षण कार्डावरून घ्या आणि मग विचारा: पोळ्याला मान धरत होता का? दिवाळीला आधाराशिवाय बसत होता का? वणीच्या चैत्रातल्या यात्रेला गेलात तेव्हा कडेवर होता की धरून उभा राहत होता? आखाजीला चालत होता का? महिन्यांचं गणित तुम्ही करा. उत्तरं बरीच अचूक येतात, कारण सणाला घरात चार माणसं असतात आणि कोणीतरी ‘अजून बसत नाही का हा?’ असं म्हटलेलं असतं.

विकासाचे टप्पे तोंडपाठ हवेत, पण सगळे नकोत. एवढे पुरेत: ओळखून हसणं २ महिने, मान धरणं ३ ते ४, आधाराशिवाय बसणं ७ ते ८, चिमटीत वस्तू पकडणं ९ ते १०, चालणं १२ ते १५, दोन शब्दांचं वाक्य २ वर्षं. धोक्याच्या खुणा त्याहून महत्त्वाच्या. ५ महिन्यांनंतरही मान न धरणं, १० महिन्यांनंतरही न बसणं, १८ महिन्यांनंतरही न चालणं किंवा एकही अर्थपूर्ण शब्द नसणं. आणखी एक खूण घरचे कौतुकाने सांगतात: ‘आमचा डावरा आहे.’ वर्षाच्या आतलं बाळ एकच हात वापरत असेल तर दुसऱ्या हाताकडे नीट बघा, अर्धांगाची ती पहिली खूण असू शकते. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर दोन वर्षं वयापर्यंत तेवढे आठवडे वजा करूनच टप्पे मोजायचे.

जन्माच्या वेळची माहिती घेताना ‘बाळ लगेच रडलं का?’ एवढ्यावर थांबू नका. हा प्रश्न विचारला की पुढचे सगळे आजार ‘जन्मतः रडलं नाही’ या एका वाक्यात गुंडाळले जातात, आणि केस प्रेझेंटेशनमधली ही बहुधा सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक असेल. पुढचे प्रश्न महत्त्वाचे: किती दिवस काचेच्या पेटीत होतं? श्वासाचं मशीन लागलं का? पहिल्या दोन दिवसांत झटके आले का? अंगावर ओढायला कधी लागलं, की नळीने दूध द्यावं लागलं? बाळ उशिरा रडलं, पण दुसऱ्या दिवशी अंगावर नीट पीत होतं आणि तिसऱ्या दिवशी घरी गेलं, तर जन्मावेळी प्राणवायू कमी पडून आत्ताचा मोठा आजार झाला असं म्हणणं अवघड आहे. दुसरं कारण शोधा. कावीळ किती झाली, निळ्या लाइटखाली किती दिवस ठेवलं, रक्त बदलावं लागलं का आणि साखर कमी झाल्याचं कोणी सांगितलं होतं का, हेही विचारा. डिस्चार्ज कार्ड मागा. बऱ्याचदा ते पिशवीत घडी घालून ठेवलेलं असतं आणि कोणी मागितलेलं नसतं.

‘नात्यात लग्न आहे का?’ या प्रश्नाला आत्याच्या मुलाशी लग्न झालेली बाईही सहज ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी ती ठरलेली, रीतीची सोयरीक असते. त्यापेक्षा ‘सासूबाई लग्नाआधी तुमच्या कोण लागत होत्या?’ असं विचारा.

पिशवीत काय ठेवायचं

न ताणणारी फायबरची टेप, लाल लोकरीचा गोंडा, खुळखुळा, टॉर्च, अडीच सेंटिमीटरचे दहा लाकडी ठोकळे, कागद आणि जाड खडू, कागदी भिंगरी, थोडे बेदाणे आणि हातोडी. ठोकळ्यांचा मनोरा १५ महिन्यांना दोनचा, दोन वर्षांना सहाचा, तीन वर्षांना नऊचा होतो. तीन वर्षांचं मूल गोल काढतं, चार वर्षांचं अधिकचं चिन्ह, पाच वर्षांचं त्रिकोण. बेदाणा चिमटीची पकड बघायला आहे. मूल उचलतं तेवढं बघून लगेच काढून घ्या, घशात अडकू देऊ नका. भिंगरीचं काम पुढे येईल.

डोक्याचा घेर

यावर दोन मिनिटं जास्त घालवा. टेप पुढे भुवयांच्या वर, मागे डोक्याच्या सगळ्यात बाहेर आलेल्या फुगवट्यावरून, कानांच्या वरून फिरवायची. तीनदा मोजून सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा. टोपरं काढा, कपाळावरचा दोरा बाजूला करा, मोठ्या मुलीच्या वेण्या सोडा. जावळ काढलेलं नसेल तर टेप घट्ट धरून केस दाबा, नाहीतर अर्धा सेंटिमीटर तिथेच वाढतो. पुढच्या भेटीला जावळ काढून आलेल्या बाळाचं डोकं ‘वाढलंच नाही’ असं दिसतं आणि नसती धावपळ होते.

जन्मतः घेर साधारण ३४ ते ३५ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने दरमहा २, पुढचे तीन महिने दरमहा १, नंतरचे सहा महिने दरमहा अर्धा सेंटिमीटर या गतीने तो वाढतो आणि वर्षाला ४६-४७ च्या आसपास येतो. एका आकड्याने फार कळत नाही. आलेखावर दोन-तीन ठिपके लागतात. लसीकरणाच्या कार्डावर जुना आकडा लिहिलेला असेल तर तो पहिला ठिपका धरा. डोकं मोठं पण मूल सगळ्या टप्प्यांत नीट असेल तर आई-वडिलांचीही डोकी मोजा. वडिलांना आधी हसू येतं, पण घराण्यातलंच मोठं डोकं निघालं तर एक एमआरआय वाचतो. टाळू भरलेली, डोळे खाली वळलेले, उलट्या आणि घेर झपाट्याने वाढतोय, अशा वेळी मात्र आलेख काढत बसू नका, सोनोग्राफी किंवा सीटी त्याच दिवशी.

हात लावण्याआधी बघा

मूल आईच्या मांडीवर असताना पाच मिनिटं नुसतं बघा. चेहरा दोन्हीकडे सारखा हलतो का? दोन्ही हात वर येतात का? मुठी अंगठा आत घालून मिटलेल्या आहेत का? आवाजाकडे वळतं का, डोळ्याला डोळा देतं का? तान्हं बाळ असेल तर उताणं झोपवून खेळणी बाजूला करा आणि तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. अर्थात आईला विचारून, आणि तो कुठल्या ग्रुपवर न टाकता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत दुरुस्त वयाच्या तीन महिन्यांच्या आसपास हाता-पायांत, मानेत बारीक, सतत वळवळत्या हालचाली दिसायला हव्यात. त्या अजिबात नसतील तर सेरेब्रल पाल्सीचा धोका मोठा असतो आणि व्यायामोपचार वर्षाची वाट न बघता तेव्हाच सुरू करता येतो.

पाच-सहा वर्षांचा मुलगा ‘सारखा पडतो, जिना चढताना गुडघ्याला धरतो’ म्हणून आणला असेल तर त्याला फरशीवर मांडी घालून बसवा आणि ‘उठ, माझ्याकडे ये’ एवढंच म्हणा. आधी तो ओणवा होतो, हात जमिनीला टेकवतो, ढुंगण वर करतो, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, आणि स्वतःच्याच पायांवर चढत चढत सरळ होतो. हे गॉवर्स साइन. १८७९ मध्ये विल्यम गॉवर्स यांनी याचं सविस्तर वर्णन केलं. कॉटवरून उतरवून बघितलं तर ते चुकतं, म्हणून फरशीच हवी. पोटऱ्या जाड आणि टणक लागल्या तर सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) पाठवा. डुशेन डिस्ट्रॉफीत (स्नायू झिजवणारा आनुवंशिक आजार) तो हजारोंच्या घरात येतो. याच मुलांचे लिव्हरच्या तपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले असतात, कारण ते स्नायूंतूनही येतात. त्यामुळे काही मुलं महिनोन्‌महिने लिव्हरची औषधं घेत असतात. सीपीके वाढलेला असेल तर पुढची तपासणी जनुकाची, स्नायूचा तुकडा काढायची घाई नको. आईची पाळी पुन्हा चुकली असेल तर हे आठवड्यात उरकायचं काम आहे, कारण पुढच्या बाळालाही हा आजार असू शकतो.

कपडे काढून त्वचा बघा. पाच मिलिमीटरपेक्षा मोठे कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग म्हणजे न्यूरोफायब्रोमॅटोसिसची (नसांवर गाठी आणणारा आनुवंशिक आजार) शंका. पानाच्या आकाराचे फिकट पांढरे डाग म्हणजे ट्यूबरस स्क्लेरोसिस (मेंदूत आणि इतर अवयवांत गाठी आणणारा आजार). गोऱ्या बाळात ते वुड्स लॅम्पशिवाय (अतिनील प्रकाशाचा दिवा) दिसत नाहीत. कपाळ आणि पापणीवरचा जांभळा डाग म्हणजे स्टर्ज-वेबर (मेंदूवरच्या रक्तवाहिन्यांचा जन्मजात दोष). कमरेच्या मध्यावर केसांचा झुबका किंवा खड्डा म्हणजे मणक्याकडे बघा.

टोन आणि रिफ्लेक्स

टोन, म्हणजे स्नायूंचा ताण, तपासताना बाळ जागं, शांत, आणि डोकं मध्यावर हवं. डोकं एका बाजूला वळलेलं असेल तर मानेच्या प्रतिक्षिप्त क्रियेमुळे दोन बाजूंचा टोन वेगळा लागतो आणि नसलेलं अर्धांग सापडतं. रडणाऱ्या बाळाचा टोन लिहूच नका.

गुडघ्यामागचा कोन पहिल्या तीन महिन्यांत ८० ते १०० अंश, वर्षाच्या आसपास १५० ते १७० असतो. मांड्या फाकवण्याचा कोन त्याच काळात ४०-८० वरून १३०-१५० पर्यंत जातो. दहा महिन्यांच्या बाळाचा कोन तीन महिन्यांच्या बाळाएवढाच राहिला असेल तर टोन वाढलेला आहे. हाताला धरून बसतं करा, मग पोटाखाली हात घालून हवेत धरा. ढिलं बाळ हातावर उलट्या यू-सारखं लोंबतं.

ढिल्या बाळात पुढचा प्रश्न एकच: ताकद आहे की नाही? ढिलं पण हातपाय जोरात मारतं, रिफ्लेक्स आहेत, चेहरा मंद दिसतो, तर बिघाड मेंदूत. ढिलं, हालचाल नाही, रिफ्लेक्स नाहीत, पण डोळे तल्लख आणि चेहरा हसरा, तर स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी (मज्जारज्जूतल्या पेशी मरून स्नायू दुबळे करणारा आजार) आठवा आणि जीभ बघा. जिभेची थरथर मूल शांत असताना, जीभ तोंडात असतानाच तपासा. बाहेर काढलेली किंवा रडतानाची जीभ कोणाचीही थरथरते. पायाचा तळवा खरवडल्यावर अंगठा वर जाणं वर्षभरापर्यंत सर्वसाधारण असतं, त्यावरून निदान नको. मोरो (दचकल्यावर दोन्ही हात फाकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया) सहा महिन्यांनंतर टिकला तर चूक, आणि जन्मापासून एकाच बाजूला आला तर खांद्याची नस किंवा हासळीचं हाड.

फिट्स: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

आई-वडील ‘फिट’, ‘आकडी’, ‘फेफरं’, ‘झटके’ म्हणतील किंवा नुसतं ‘डोळे पांढरे केले, दातखीळ बसली’ म्हणतील. तुम्ही शब्द बदलू नका, क्रम विचारा. आधी काय चाललं होतं, पहिली हालचाल कुठे, डोळे कुठल्या बाजूला, किती वेळ, नंतर झोपलं का? वेळ विचारताना ‘किती मिनिटं’ नको. ‘रिक्षा येईपर्यंत चालू होतं का?’ असं विचारलं की खरं कळतं. आणि प्रत्येक घरात आता मोबाइल आहे. ‘पुन्हा झालं तर आधी कुशीवर करा, मग दुसऱ्या माणसाने व्हिडिओ काढा’ हे लिहून द्या.

आधी रडलं, श्वास धरला, निळं पडलं आणि मग ढिलं झालं, असा क्रम असेल तर ती फिट नाही, श्वास रोखण्याचा झटका आहे. हिमोग्लोबिन बघा, लोहाची कमतरता असेल तर लोह द्या. बाळ झोपेतून उठल्यावर मान आणि हात एकदम पुढे झेपावतात, काही सेकंदांनी पुन्हा, पुन्हा, अशी माळच लागते, तर तो इन्फंटाइल स्पाझम. घरी त्याला ‘दचकतंय’ किंवा ‘पोटात कळ येते’ म्हणतात आणि ग्राइप वॉटर चालू होतं. विल्यम वेस्ट या डॉक्टरने १८४१ साली स्वतःच्या मुलाचे असेच झटके लॅन्सेटला पत्र लिहून कळवले होते. आजही निदानाला उशीर होतो आणि उशीर झालेला प्रत्येक आठवडा विकासातून वजा होतो. ३ ते १२ महिन्यांचं बाळ, झटक्यांची माळ आणि हसणं कमी झालेलं, एवढ्यावर ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख) तातडीने मागा. उपचार एसीटीएच (हार्मोनचं इंजेक्शन), तोंडाने स्टिरॉइड किंवा व्हिगाबॅट्रिन, आणि तो विशेषज्ञाच्या देखरेखीखाली.

भिंगरी आता काढा. शाळेत ‘लक्ष नाही, मध्येच टक लावून बसते’ अशी तक्रार असलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलीला तीन मिनिटं सलग भिंगरी फुंकायला सांगा. अॅब्सेन्स फिट असेल तर बहुतेकदा मध्येच भिंगरी थांबते, डोळे स्थिर होतात, पापण्या फडफडतात आणि काही सेकंदांनी ती काही झालंच नाही अशी पुन्हा फुंकू लागते. तिला कार्बामाझेपिन देऊ नका, या फिट्स त्याने वाढतात.

तापातली फिट ओपीडीत सगळ्यात जास्त भेटेल. वय ६ महिने ते ५ वर्षं, सर्वांगाची फिट, १५ मिनिटांच्या आत थांबलेली, २४ तासांत एकदाच, आणि नंतर मूल पूर्ववत, तर ती साधी. त्याला ईईजी नको, सीटी नको, रोजचं औषध नको. साधारण तीनात एका मुलाला पुन्हा येते, हे घरच्यांना आधीच सांगा. नाहीतर दुसऱ्या फिटला डॉक्टर बदलतात. मान ताठ, सुस्ती, टाळू भरलेली यांपैकी काही असेल तर पाठीतलं पाणी तपासा, वय कितीही असो. वर्षाच्या आतलं बाळ असेल आणि हिब, न्यूमोकोकस या मेंदूज्वराच्या जंतूंवरच्या लसी अपुऱ्या असतील किंवा आधीच अँटिबायोटिक चालू असेल, तर तपासण्याचा कल ठेवा.

चालू असलेली फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली की तिला स्टेटस (आपोआप न थांबणारी, जिवावरची फिट) समजायचं. क्रम: कुशीवर, तोंड साफ, ऑक्सिजन, ग्लुकोमीटर. साखर पाहायची राहिली ही चूक मोठ्या मोठ्या वॉर्डांत होते. शीर मिळाली तर लोराझेपाम ०.१ मिलिग्रॅम प्रति किलो, जास्तीत जास्त ४. शीर मिळेपर्यंत थांबायचं नाही, मिडाझोलाम नाकातून ०.२ मिलिग्रॅम प्रति किलो. पाच मिनिटांनी एकदा पुन्हा. न थांबल्यास लेव्हेटिरासेटाम ४० ते ६० किंवा फॉस्फेनिटॉइन २० मिलिग्रॅम प्रति किलो. साधं फेनिटॉइन द्यायचं झालं तर सलाइनमध्येच. डेक्स्ट्रोजमध्ये त्याचा साका होतो, आणि भरभर दिलं तर हृदयाची लय बिघडते. तान्ह्या बाळात कॅल्शियमही पाठवा. हे आकडे पाठ करा, पण पहिल्यांदा भरलेली सिरिंज सीनियरला दाखवल्याशिवाय टोचू नका.

आधी कोणते आजार वाचायचे

जे चुकले तर महागात पडतात ते आधी. टीबीचा मेंदूज्वर: आठवडाभर ताप, उलट्या, चिडचिड, नंतर सुस्ती, एक डोळा आत वळलेला. घरात खोकणारं कोण आहे ते विचारा. पाठीतलं पाणी काढण्याआधी रक्तातली साखर घ्या, नाहीतर पाण्यातल्या साखरेचा अर्थ लावता येत नाही. बीसीजीचा व्रण दिसला म्हणून टीबी नाही असं धरू नका.

न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे फीतकृमीच्या अळीची मेंदूतली गाठ: चांगल्या मुलाला एका बाजूची फिट आणि स्कॅनवर कडीसारखी गोल गाठ. ‘आम्ही माळकरी आहोत’ याने तो टळत नाही, कारण मेंदूत गाठ होते ती जंताची अंडी पोटात गेल्याने, न धुतलेल्या गाजर-कोथिंबिरीतून किंवा अस्वच्छ हातांतून. २० मिलिमीटरपेक्षा मोठी, वेडीवाकडी, एकमेकींना चिकटलेली कडी असेल तर टीबीची गाठ धरून चला.

बी-१२ चा आजार आपल्याकडेच जास्त शिकता येतो. ६ ते १८ महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं, आई शाकाहारी किंवा कुपोषित; बाळ फिकट, केस विरळ आणि तांबूस, बोटांची पेरं काळी, हसणं थांबलेलं आणि हातांची थरथर जी झोपेत थांबते. बी-१२ दिल्यावर बाळ पुन्हा ओळखायला लागतं. आईलाही द्या.

मेंदूज्वरात चांदीपुरा विषाणूचं नाव ऐकाल. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांत तो सापडला. वालुमाशीमार्फत पसरतो आणि लहान मुलाला २४ ते ४८ तासांत कोमात नेऊ शकतो.

अचानक लुळेपणा आला आणि वय १५ च्या आत असेल तर निदान काहीही वाटो, एएफपी (अचानक आलेला लुळेपणा, पोलिओच्या पाळतीतली नोंद) म्हणून त्याच दिवशी कळवा. भारतातला शेवटचा जंगली पोलिओ १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, पण पाळत चालूच आहे. लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांत, किमान २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने, प्रत्येकी साधारण ८ ग्रॅम, बर्फात. यातली बरीच मुलं गिलियन बारेची निघतात. त्यांच्यात पायांपेक्षा श्वासावर लक्ष ठेवा: एका श्वासात किती आकडे मोजतो ते दर काही तासांनी लिहा. कालचे २० आज १० झाले तर व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी हलवायची वेळ आली.

तपासण्या

बोलत नाही म्हणून आलेल्या प्रत्येक मुलाची पहिली तपासणी कानांची. ऑटिझमची प्रश्नावली त्यानंतर. ईईजीच्या आदल्या दिवशी डोकं धुवायचं आणि तेल लावायचं नाही, हे चिठ्ठीवर मराठीत लिहा. तेलकट डोक्यावर इलेक्ट्रोड नीट बसत नाहीत आणि पेठहून आलेलं कुटुंब परत जातं. नॉर्मल ईईजीने मिरगी खोडली जात नाही. एमआरआयआधी तुमचं निदान कागदावर लिहा आणि मगच रिपोर्ट उघडा. सेरेब्रल पाल्सीचं लेबल आहे, जन्माची हिस्टरी साधी आहे आणि एमआरआय नॉर्मल आहे, असं त्रिकूट जमलं तर लेबल काढून पुन्हा सुरुवात करा. संध्याकाळी पाय जास्त आखडत असतील तर लेव्होडोपा या औषधाला उत्तम दाद देणारा डिस्टोनिया (स्नायू आपोआप पिळवटण्याचा आजार) असू शकतो.

औषध, चमचा आणि कागद

फिटच्या औषधांपैकी व्हॅल्प्रोएट सिरप ५ मिलीला २०० मिलिग्रॅम असतं, लेव्हेटिरासेटाम १ मिलीला १००. दहा किलोच्या मुलाला दिवसाला २०० मिलिग्रॅम द्यायचे तर पहिल्याचे अडीच मिली दोनदा, दुसऱ्याचा एक मिली दोनदा. पहिल्याच्या जागी दुसरं औषध दिलं आणि चिठ्ठीवर मिलीचा जुना आकडा राहिला की डोस अडीच पट होतो. म्हणून मिलिग्रॅम आणि मिली दोन्ही लिहा, घरचा चमचा बंद करा, सिरिंजवर पेनने रेघ मारून द्या आणि आईला तुमच्यासमोर पाणी भरून दाखवायला सांगा. व्हॅल्प्रोएट दोन वर्षांखालच्या मुलाला किंवा चयापचयाच्या आजाराची शंका असताना सहज देऊ नका.

फिट आल्यावर कांदा फोडून हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, दातांत चमचा घालणं हे सगळं होतं. कांद्याचा जिल्हा आहे, कांदा हाताशी असतोच. त्याबद्दल रागावू नका, करायचं काय ते दाखवा: कुशीवर, घड्याळ बघा, पाच मिनिटं झाली तर मिडाझोलामचा नाकातला स्प्रे आणि १०८. भगताकडे जाऊन आले असतील तर तेही शांतपणे लिहून घ्या. भांडलात तर पुढच्या वेळी तिथली औषधं सांगणार नाहीत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. विकासात मागे असलेल्या मुलाला त्यातून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येतं. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर २०१६ च्या कायद्याप्रमाणे सवलती मिळतात, त्यासाठी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) लागतं. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. हे अर्ज भरायला एकदा समाजसेवा अधीक्षकांच्या शेजारी बसा.

सुरगाणा-पेठकडची कुटुंबं द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांवर येतात आणि संपला की परत जातात. त्यामुळे पुढची तारीख देण्याआधी ‘तेव्हा तुम्ही कुठे असाल?’ हे विचारा. औषध त्या तारखेच्या पुढे आठवडाभर पुरेल एवढं द्या, चिठ्ठीची एक प्रत घरी आणि एक सोबत ठेवायला सांगा, आणि फाइलवर दोन नंबर घ्या: एक घरचा, दुसरा गावच्या आशाताईंचा.